उजव्या सीटवरचे तास : फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनच्या (एफएए) प्रशासकांना खुले पत्र

प्रति,
माननीय प्रशासक,
फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन,
वॉशिंग्टन डी. सी.

विषय : चार्टर विमानांतील को-पायलटच्या उड्डाण-तासांची नोंद

महोदय,

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे रवाना केली आहे. मराठीत ते मुद्दाम छापायला देते आहे. पुणे, नाशिक, कोल्हापूरहून विमान उडवायला शिकण्यासाठी अमेरिकेत आलेली आणि इथल्याच मराठी घरांत वाढलेली कितीतरी मुलं-मुली आज टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोनाच्या छोट्या विमानतळांवर तास जमवत आहेत. त्यांच्या शिक्षणासाठी कुणी फ्लॅट गहाण टाकला आहे, कुणी भविष्यनिर्वाह निधी काढला आहे. आई-वडील दर रविवारी फोनवर विचारतात, “किती तास झाले?” मूल आकडा सांगतं आणि दोन्हीकडे समाधान होतं. त्या आकड्यातले किती तास तपासणीत टिकतील, हे मात्र बहुतेक वेळा कुणालाच ठाऊक नसतं. हा प्रश्न आपल्या नियमांमुळे उभा राहिला आहे आणि तो सोडवणंही आपल्याच हाती आहे.

मी चार्टर कंपनीत कॅप्टन आहे. त्याआधी बरीच वर्षं इन्स्ट्रक्टर होते. नव्या को-पायलटची निवड करताना त्यांची लॉगबुकं माझ्याकडे येतात आणि मी ती ओळीओळीने वाचते. हे पत्र त्या वाचनातून आलेलं आहे.

मराठी वाचकांसाठी पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. अमेरिकेत साधारण २५० तासांवर कमर्शियल पायलटचं लायसन्स मिळतं. एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये बसायला मात्र एटीपी म्हणजे एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलटचं सर्टिफिकेट लागतं आणि त्याला १,५०० तास लागतात. लष्करी पायलटांना ७५० तासांवर आणि मान्यताप्राप्त विद्यापीठातून विमानचालनाची पदवी घेतलेल्यांना १,००० तासांवर मर्यादित एटीपी मिळतं. बाकीच्या बहुतेकांना पूर्ण १,५०० भरावे लागतात. पूर्वी एअरलाइनच्या को-पायलटला कमर्शियल लायसन्स पुरत असे. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान एका घरावर कोसळलं आणि ५० जणांचा जीव गेला. मृतांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनमध्ये ठाण मांडून पाठपुरावा केला, २०१० मध्ये संसदेने कायदा केला आणि २०१३ मध्ये आपण त्याचा नियम केलात. त्या विमानातल्या दोन्ही पायलटांकडे १,५०० पेक्षा जास्त तास होते, ही गोष्ट मी नव्या मुलांना आवर्जून सांगते. तास किती, याच्याइतकाच तो तास कसा गेला हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि माझं सगळं म्हणणं त्याच्याशी निगडित आहे.

२५० आणि १,५०० यांच्या मधला पल्ला मुलं वेगवेगळ्या वाटांनी पार करतात. बहुतेक जण इन्स्ट्रक्टर होतात. काही जण जाहिरातीचे कापडी फलक ओढत समुद्रकिनाऱ्यावरून विमान फिरवतात, काही पाइपलाइनवर गस्त घालतात. आणि काहींना चार्टर कंपनीत उजव्या सीटवर जागा मिळते. ही शेवटची वाट सगळ्यांत मोहाची. टर्बाइन इंजिन, खराब हवामान, मोठमोठे विमानतळ आणि शेजारी अनुभवी कॅप्टन, असं सगळं तिथे एकत्र मिळतं. शिकायला याहून चांगली जागा नाही, असं माझं ठाम मत आहे. मात्र नोंदीचा घोळही सगळ्यांत जास्त इथेच आहे.

लिअरजेट ४५ किंवा हॉकर ८०० सारख्या विमानांत काही प्रश्न नाही. टाइप सर्टिफिकेटनुसारच, म्हणजे विमानाच्या प्रमाणपत्रानुसारच, त्यांना दोन पायलट लागतात. को-पायलटने नियम ६१.५५ प्रमाणे पात्रता मिळवली की तिथला प्रत्येक तास सेकंड इन कमांड म्हणजे को-पायलट म्हणून निर्धास्तपणे लिहावा. अडचण येते ती किंग एअर २००, पिलाटस पीसी-१२, सेसना कॅराव्हान यांच्या बाबतीत. ही विमानं एका पायलटने उडवण्यासाठी प्रमाणित आहेत आणि चार्टरचा मोठा धंदा याच विमानांवर चालतो. अशा विमानात उजव्या सीटवर बसलेल्या मुलाचा तास कधी धरायचा आणि कधी नाही, याचं उत्तर आपल्या नियमावलीत एका जागी मिळत नाही. थोडं पायलटांच्या सर्टिफिकेटांच्या पार्ट ६१ मध्ये आहे, थोडं चार्टरच्या पार्ट १३५ मध्ये, थोडं कंपनीच्या ऑपरेशन्स स्पेसिफिकेशन्समध्ये, म्हणजे तिला मिळालेल्या परवानग्यांच्या कागदांत (ऑप्स स्पेक्स). उरलेलं आपल्या विधी विभागाने कुणाकुणाच्या शंकांना वर्षानुवर्षं दिलेल्या पत्रोत्तरांत विखुरलेलं आहे.

एका उमेदवाराच्या लॉगबुकातलं एक पान उलगडून दाखवते. मुलगा हुशार, बोलण्यात नम्र, अक्षर सुरेख. किंग एअर २०० वर उजव्या सीटवर काम करत होता. लॉगबुकात एका दिवसाच्या तीन नोंदी होत्या. पहिली ॲडिसन ते मिडलँड, १.२ तास, विमान रिकामं, प्रवासी आणायला निघालेलं. दुसरी मिडलँड ते सँटा फे, १.३ तास, चार प्रवासी, इन्स्ट्रुमेंट फ्लाइट प्लॅनवर. तिसरी सँटा फे ते ॲडिसन, २ तास, पुन्हा रिकामं. सेकंड इन कमांडच्या रकान्यात तिन्हींची बेरीज मांडलेली, ४.५ तास.

यातले टिकतात ते फक्त मधले १.३. कारण ६१.५१ च्या फ उपकलमाप्रमाणे को-पायलटचा वेळ सर्वसाधारणपणे तेव्हाच लिहिता येतो, जेव्हा विमानाच्या प्रमाणपत्राने किंवा त्या उड्डाणाला लागू असलेल्या नियमाने दुसरा पायलट आवश्यक ठरतो. किंग एअरच्या प्रमाणपत्राला दुसऱ्याची गरज नाही. रिकामी फेरी पार्ट ९१ या सर्वसाधारण उड्डाण-नियमांखाली जाते, तिथे नियमालाही गरज नाही. मधल्या फेरीत प्रवासी आहेत आणि उड्डाण इन्स्ट्रुमेंट नियमांखाली (उपकरणांच्या आधारे) आहे, म्हणून १३५.१०१ लागू होतो आणि दुसरा पायलट आवश्यक ठरतो. त्यालाही वळसा आहे. १३५.१०५ प्रमाणे कंपनीला दुसऱ्या पायलटऐवजी मान्यताप्राप्त ऑटोपायलट वापरण्याची परवानगी मिळू शकते आणि किंग एअर चालवणाऱ्या अनेक कंपन्यांकडे ती असते. मग को-पायलट आवश्यक राहिला की नाही? आपल्या विधी विभागाच्या पत्रांतून निघणारा अर्थ असा, की ऑटोपायलटची सवलत कंपनीने वापरलीच पाहिजे असं नाही. कंपनीने ती बाजूला ठेवून पात्र को-पायलट नेमला, तर त्या फेरीपुरता तो आवश्यक ठरतो. हा अर्थ मला पटतो. पण २५० तासांच्या मुलाने तो शोधायचा कुठे?

आणि ‘पात्र’ म्हणजे नुसता कमर्शियल लायसन्स आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग असलेला नव्हे. कंपनीच्या मंजूर प्रशिक्षण कार्यक्रमातून तो गेलेला हवा आणि दर बारा महिन्यांची १३५.२९३ ची परीक्षा त्याने दिलेली हवी. या मुलाने ती दिली होती का, हे त्याला सांगता येईना. कंपनीने “बस शेजारी, तास मिळतील” एवढंच सांगितलेलं. परीक्षा झालेली नसेल तर ते १.३ तासही गेले.

मालवाहू फेरी असेल तर १३५.१०१ लागूच होत नाही, कारण तो प्रवासी नेण्यापुरता आहे. स्वच्छ हवेत प्रवाशांसह पण व्हिज्युअल नियमांखाली (बाहेर पाहून) गेलेली फेरीही बाद होते. प्रवाशांच्या दहा किंवा जास्त जागा असलेलं विमान असेल तर १३५.९९ प्रमाणे दुसरा पायलट लागतोच आणि तिथे प्रश्न मिटतो. एवढ्या सगळ्या वाटा लक्षात ठेवून रोजची ओळ लिहायची, अशी आपली अपेक्षा आहे.

आता यातली मला सर्वांत बोचणारी गोष्ट. त्या रिकाम्या फेरीत मुलाने स्वतः कंट्रोल हातात घेऊन विमान उडवलं असेल, तर तेवढा वेळ तो लॉगबुकात पायलट इन कमांड (पीआयसी) म्हणून लिहू शकतो! किंग एअर २०० चं कमाल वजन १२,५०० पौंड, त्यामुळे तिला टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट विमानासाठीचं वेगळं रेटिंग, लागत नाही. मुलाकडे मल्टी-इंजिन रेटिंग आहे. ६१.५१ च्या ई उपकलमाप्रमाणे, ज्या वर्गाचं रेटिंग आपल्याकडे आहे त्या विमानाचे कंट्रोल एकट्याने हाताळताना गेलेला वेळ पीआयसी म्हणून नोंदवता येतो, मग त्या उड्डाणाची जबाबदारी दुसऱ्याच माणसावर असली तरी. कायद्याने हे चोख आहे. पण त्याच मुलाने कंट्रोल कॅप्टनकडे ठेवून रेडिओ सांभाळला, चेकलिस्ट वाचली, पंखांवरच्या बर्फावर नजर ठेवली, इंधनाचा हिशेब केला, तर त्याच्या नावावर काहीच जमा होत नाही. हात कंट्रोलवर असला तर तो कमांडर आणि डोळे व कान कामाला लावले तर कुणीच नाही, असा निवाडा आपलं पुस्तक करतं. दोन माणसांच्या कॉकपिटमध्ये सुरक्षितता कशातून येते, हे आपण गेली कित्येक दशकं जगाला शिकवत आलात. तो धडा या रकान्यात उतरलेला नाही.

उजव्या सीटवरचं काम काय असतं, ते एका क्षणापुरतं जवळून पाहा. अमेरिकेत १८,००० फुटांच्या वर सगळी विमानं उंचीमापक २९.९२ इंच दाबावर ठेवतात. खाली उतरताना १८,००० ला तो स्थानिक दाबावर आणायचा असतो. हिवाळ्यातली संध्याकाळ, हवेचा दाब उतरलेला, स्थानिक आकडा २९.४२. त्याच सुमाराला कंट्रोलर नवा मार्ग देतो, एक वळण बदलतो, वेग कमी करायला सांगतो. कॅप्टनचा हात उंचीमापकाच्या खुंटीकडे जाता जाता थांबतो आणि नव्या मार्गाची बटणं दाबू लागतो. आता त्याचा उंचीमापक खऱ्यापेक्षा जवळजवळ ५०० फूट जास्त दाखवतो आहे. खाली डोंगर आहेत, सँटा फेचा विमानतळच समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांहून उंच आहे. शेजारच्या मुलाने आपला मापक आधीच बदलला आहे. तो दोन्ही काटे ताडून पाहतो, तफावत दिसते आणि म्हणतो, “कॅप्टन, अल्टिमीटर, टू नाइन फोर टू.” कॅप्टन खुंटी फिरवतो. बस्स, एवढंच. या वाक्याची नोंद कुठेही होत नाही, प्रवाशांना त्याचा पत्ता लागत नाही. डावीकडे बसणाऱ्या प्रत्येकाला मात्र त्याची किंमत ठाऊक आहे.

२०१८ च्या जूनमध्ये आपण याच दिशेने एक चांगलं पाऊल टाकलंत, ते मी मोकळेपणाने मान्य करते. १३५.९९ च्या क उपकलमात सेकंड इन कमांड प्रोफेशनल डेव्हलपमेंट प्रोग्रॅम आला. मंजुरी मिळालेल्या कंपनीत नोकरीला असलेला को-पायलट, विमानाला वा नियमाला दुसऱ्या पायलटची गरज नसतानाही, आपले तास नोंदवू शकतो. पार्ट १३५ च्या फेरीत नोंदवू शकतो आणि पार्ट ९१ च्या रिकाम्या फेरीतही. आमच्या मुलाच्या कंपनीकडे ही मंजुरी असती आणि अटी पाळल्या असत्या, तर त्याचे ४.५ च्या ४.५ तास उभे राहिले असते.

अटी वाचल्या की कळतं, त्या लिहिणाऱ्या माणसांनी कॉकपिट पाहिलेलं आहे. विमान मल्टी-इंजिन किंवा एका टर्बाइन इंजिनाचं हवं. दुसऱ्या पायलटला स्वतंत्र कंट्रोल हवेत, इकडून तिकडे फिरवायचं एकच चाक चालणार नाही. त्याच्यासमोर स्वतःचा वेगमापक, उंचीमापक, कृत्रिम क्षितिज, दिशादर्शक हवा. त्याने को-पायलटचं पूर्ण प्रशिक्षण घ्यावं, परीक्षा द्याव्यात, ड्युटी आणि विश्रांतीच्या मर्यादा पाळाव्यात. डावीकडचा कॅप्टन त्या कंपनीत किमान सहा महिने पूर्ण पात्र कॅप्टन म्हणून काम केलेला असावा आणि नवोदितांना घडवण्याचं प्रशिक्षण त्याने मागच्या छत्तीस महिन्यांत घेतलेलं असावं. ही शेवटची अट मला सर्वांत मोलाची वाटते. उत्तम उडवणारे अनेक कॅप्टन शेजारच्याला काही शिकवत नाहीत. त्यांना शिकवायला शिकवलं पाहिजे, हे इतक्या स्पष्टपणे नियमात लिहिलेलं मी इतरत्र फारसं पाहिलेलं नाही. कंपनीने नोंदी ठेवायच्या, को-पायलटने मागितल्या की त्यांची प्रत द्यायची आणि कार्यक्रमाचा उपयोग होतो आहे का याची माहिती गोळा करायची, हेही त्यात आहे. फक्त एका पायलटवर चालणाऱ्या आणि मॅन्युअल, प्रशिक्षण कार्यक्रम, व्यवस्थापनाची पदं यांतून सूट घेतलेल्या कंपन्यांना आपण हा कार्यक्रम दिलेला नाही, तेही योग्यच केलंत.

मग तक्रार काय? तक्रार अशी, की हा दरवाजा आपण उघडलात, पण तो कुठे आहे हे मुलांना दिसत नाही. माझ्याकडे येणाऱ्या उमेदवारांपैकी अनेकांनी या कार्यक्रमाचं नावही ऐकलेलं नसतं. ज्यांनी ऐकलेलं असतं त्यांतल्या काहींची समजूत अशी, की २०१८ पासून उजव्या सीटवरचा कुठलाही तास धरता येतो. कंपनीला मंजुरी आहे का, हे विचारायचं असतं याची त्यांना कल्पना नसते. नोकरीची गरज असलेला मुलगा मुलाखतीत मालकाला “तुमचे ऑप्स स्पेक्स दाखवा” असं म्हणणार नाही. आपण त्याच्या वतीने ते मागायला हवं.

या अज्ञानावर धंदा करणारेही आहेत. नाव घेत नाही, पण उजवी सीट विकली जाते हे या व्यवसायात सगळ्यांना माहीत आहे. इतके डॉलर भरा, इतके टर्बाइन तास मिळवा. पैसे भरून शेजारी बसलेल्याला ना प्रशिक्षण मिळतं, ना परीक्षा होते. त्यातून १३५.११५ असं सांगतो, की कंपनीचा पात्र पायलट नसलेल्या माणसाला पार्ट १३५ च्या उड्डाणात कंट्रोलला हात लावू देता येत नाही. म्हणजे तो प्रवाशासारखा बसून येतो आणि लॉगबुकात को-पायलट होतो. आपल्या कार्यक्रमात ‘कंपनीत नोकरीला असलेला पायलट’ असा स्पष्ट शब्द आहे. पैसे देऊन बसणारा त्यात कसा बसेल? ही लूट आहे आणि त्यात फसणारी मुलं बहुधा परदेशातून आलेली, कर्जाखाली दबलेली असतात.

याचा हिशेब चुकता होतो तो सगळ्यांत वाईट वेळी. १,५०० चा आकडा गाठला, एटीपीचा अर्ज भरला, एअरलाइनची मुलाखत ठरली, आणि तपासणारा पेन्सिल घेऊन ओळी खोडू लागला. तीनशे तास गेले, तर उमेदवार वर्षभर मागे जातो. त्याहून गंभीर म्हणजे अर्जावर त्याची सही असते. ६१.५९ प्रमाणे लॉगबुकात किंवा अर्जात जाणूनबुजून खोटी नोंद केली, तर आहे ती सगळी सर्टिफिकेटं रद्द होऊ शकतात. अज्ञानाने केलेली चूक आणि मुद्दाम केलेली लबाडी यांत कायदा फरक करतो, पण तो फरक सिद्ध करताना वकिलाची फी भरायला लागते, रात्रीची झोप जाते आणि कंपन्यांच्या नजरेतून माणूस उतरतो तो उतरतोच.

भारतात परतणाऱ्यांसाठी आणखी एक पेच आहे आणि तो बहुतेकांना शेवटपर्यंत सांगितला जात नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १ प्रमाणे, एका पायलटसाठी प्रमाणित असलेल्या पण देशाच्या नियमाने को-पायलट लागणाऱ्या विमानात गेलेले को-पायलटचे तास वरच्या लायसन्ससाठी निम्म्यापर्यंतच धरले जातात. विमान को-पायलटसाठी सुसज्ज असेल आणि दोन पायलटांच्या पद्धतीने चालवलं जात असेल, तर देश ते पूर्ण धरू शकतो. आपल्या २०१८ च्या कार्यक्रमातले तास मात्र, जिथे नियमालाही दुसरा पायलट लागत नाही, त्या चौकटीच्या बाहेर पडतात. म्हणून असे तास धरून मिळवलेल्या एटीपीवर आपण एक मर्यादा छापता : धारक आंतरराष्ट्रीय संघटनेची पायलट इन कमांडच्या अनुभवाची अट पूर्ण करत नाही. पुढे अनुभव पुरा केला की ती काढता येते. अमेरिकेत राहणाऱ्याला तिची झळ फारशी लागणार नाही. पण ज्याला दोन वर्षांनी मुंबईला परत जायचं आहे, तिथल्या विमान वाहतूक नियामकापुढे (डीजीसीए) लॉगबुक ठेवायचं आहे, त्याने पहिल्याच दिवशी हे ऐकायला हवं होतं. त्याने कदाचित वेगळी वाट निवडली असती, इन्स्ट्रक्टर होऊन कमांडचे तास जमवले असते.

माझं मागणं १,५०० ची अट सैल करण्याचं नाही. हे स्पष्ट लिहिते, कारण को-पायलटच्या तासांचा विषय निघाला की लगेच असा संशय घेतला जातो. उजव्या सीटवर नुसता बसलेला माणूस मला नको आहे. प्रशिक्षित, परीक्षा दिलेला, जबाबदारी वाटून घेणारा माणूस मला शेजारी हवा आहे आणि तो तसा असेल तर त्याचा तास पुस्तकात धरला जावा, तसा नसेल तर धरला जाऊ नये. दोन्ही गोष्टी त्याला विमानात बसण्याआधी कळाव्यात.

यासाठी आपण काय करू शकता? पहिलं म्हणजे विधी विभागाच्या विखुरलेल्या पत्रांचा अर्थ गोळा करून एक छोटी, अधिकृत, साध्या भाषेतली मार्गदर्शिका काढा. विमानाचं प्रमाणपत्र, प्रवासी आहेत की नाहीत, इन्स्ट्रुमेंट की व्हिज्युअल, पार्ट ९१ की १३५, कंपनीकडे काय मंजुरी आहे, एवढ्या प्रश्नांवर सगळं उत्तर ठरतं. चार पानांत बसेल असं हे काम आहे.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यांत उपयोगाचं : चार्टर कंपनीने प्रत्येक फेरीच्या कागदावर को-पायलट कोणत्या नियमाखाली नेमला आहे ते लिहावं. एक ओळ. ‘१३५.१०१ प्रमाणे आवश्यक’, ‘टाइप सर्टिफिकेटप्रमाणे आवश्यक’, ‘१३५.९९ क प्रमाणे कार्यक्रमात’, किंवा ‘नोंदीस पात्र नाही’. ही ओळ लिहिणं कंपनीला काहीच जड नाही. वजनाचा तक्ता, इंधन, ड्युटीचे तास आम्ही दर फेरीला लिहितोच. मुलगा ती ओळ पाहून लॉगबुक भरेल आणि तीन वर्षांनी तपासणाऱ्याच्या हातात पुरावा असेल. मालकाला ‘नोंदीस पात्र नाही’ असं स्वतःच्या सहीने लिहावं लागलं, की सीट विकण्याचा धंदाही बराच आटोक्यात येईल.

कार्यक्रमाची मंजुरी असलेल्या कंपन्यांची यादी उमेदवाराला घरबसल्या दिसेल अशी ठेवा. ज्या कंपन्या पात्र असून अर्ज करत नाहीत, त्यांच्याकडे आपल्या विभागीय कार्यालयांतल्या निरीक्षकांनी स्वतःहून विषय काढावा. कागदपत्रांचा धाक छोट्या कंपन्यांना फार असतो, तिथे मदतीचा हात द्यावा लागेल. एटीपीवरच्या मर्यादेची सूचना को-पायलटला कार्यक्रमात घेतानाच लेखी द्यायला लावा. आणि पैसे घेऊन सीट देणाऱ्या जाहिराती आपल्या निरीक्षकांच्याही नजरेस पडतात. त्यांच्यावर कारवाई करायला नव्या नियमाची गरज नाही, आहेत ते पुरेसे आहेत.

रिकाम्या फेरीतल्या पीआयसीच्या विसंगतीबद्दल मी आज काही मागत नाही. तो बदल मोठा आहे, त्याला सार्वजनिक हरकती-सूचनांच्या सगळ्या पायऱ्या लागतील. पण तो कधीतरी व्हायला हवा, एवढं मत नोंदवून ठेवते.

आता दोन शब्द हे पत्र मराठीत वाचणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना. एफएए उत्तर देईल तेव्हा देईल. तोवर नोकरी स्वीकारण्याआधी कंपनीला तीन गोष्टी विचारा : माझं १३५ चं प्रशिक्षण आणि २९३ ची परीक्षा कधी होणार, ऑटोपायलटची सवलत असताना मला को-पायलट म्हणून नेमणार का, आणि डेव्हलपमेंट प्रोग्रॅमची मंजुरी तुमच्याकडे आहे का. उत्तरं ईमेलवर मागा. तोंडी उत्तर देऊन लेखी द्यायला टाळाटाळ झाली, तर ती नोकरी सोडून द्या. आधीच काम करत असाल तर आज रात्री लॉगबुक उघडा आणि प्रत्येक ओळीपुढे ती कोणत्या नियमावर उभी आहे ते पेन्सिलीने लिहा. जिथे लिहिता येणार नाही ती ओळ बेरजेतून काढा. आकडा कमी होईल. पण तो आकडा आई-वडिलांना खुशाल सांगा, त्याच आकड्यावर अर्ज करा. आणि आई-वडिलांनो, रविवारच्या फोनवर “किती तास झाले?” याच्या जोडीला “त्यातले धरता येणारे किती?” हेही विचारत चला.

महोदय, फेरीच्या कागदावरच्या त्या एका ओळीचा आदेश आपण याच वर्षी काढावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक चार्टर कॅप्टन
डॅलस, टेक्सास